पायाळूचा पाय

पायाला पाठ लागलीच नाही. खाजाभाई माझ्या दारात सतरंजीवर पालथे पडलेले, माझा उजवा पाय त्यांच्या कमरेवर, डोळ्यांना पाय दिसतोय, पाठ दिसतेय, पायाखाली शर्टाला पडलेली चुणीसुद्धा दिसतेय, आणि पाय मात्र गप्प. मला वाटलं पाय अजून टेकलाच नाही, म्हणून दाबला. तसे खाजाभाई ओरडले, "या अल्ला! बाई, हळू! उसण काढताय का जीव?" मी म्हटलं, "गप पडा हो, एवढा मोठा माणूस आणि नाटकं किती." आवाज नेहमीचाच निघाला. चाळीस मुलींचा वर्ग एका हाकेत गप करणारा आवाज आहे माझा, तो काही पायावर अवलंबून नाही. राहिलेल्या दोन वेळा मी नजरेनं अंदाज घेत पाय लावला, विहिरीत पोहरा सोडताना घेतात तसा. तीनदा पाय झाला की मागं न बघता उठून जायचं, ही रीत. खाजाभाई उठले, कंबर चाचपली, मागं न बघताच म्हणाले, "आमच्या उम्मेहानीला सांगू नका हां, बाई. ती रागावंल." त्यांची मुलगी उम्मेहानी फिजिओथेरपिस्ट, आमच्याच कॉलनीच्या तोंडाशी तिचा दवाखाना, आणि तिचा बाप चोरून माझ्या दारात पालथा पडतो. एरवी मी यावर पोट धरून हसले असते. त्या दिवशी मी आत आले, कॉटवर बसले आणि उजव्या पायाचा अंगठा दोन बोटांत धरून चिमटा काढला. नखाची खूण उमटली. दुखलं नाही.

मी पायाळू. आईच्या पोटातून आधी माझे पाय बाहेर आले, डोकं मागनं. आमच्या बेंबळी गावात अजून जुन्या बायका ती गोष्ट सांगतात, मी ऐकून ऐकून इतकी पाठ केलीय की मलाच ती आठवते असं वाटतं. आकाशात ढग गडगडले की आजी मला घरात ओढायची, पायाळूवर विजेचा डोळा असतो म्हणून. बाकीची पोरं अंगणात नाचायची आणि मी ज्वारीच्या कणगीला टेकून बसलेली, रागानं लाल. पण त्याचा एक फायदा होता. कुणाच्या पाठीत उसण भरली, कमरेत लचक आली की माणसं मला बोलवायची. सहा वर्षांची पोर मी, गावच्या पाटलाच्या पाठीवर पाय ठेवलेला आहे! लग्न होऊन आले गावातल्याच घरात, आणि आठ दिवसांत सासऱ्यांची कंबर धरली. सगळं घर एकमेकांच्या तोंडाकडं बघतंय. नवी सून, डोक्यावर पदर, आणि पाय लावायचा सासऱ्याच्या पाठीला. सासरेच म्हणाले, "लाव गं, तुझा पाय हाय म्हणून तर तुला केली." मी तीनदा लावला, मग वाकून त्यांच्याच पायावर डोकं ठेवलं. त्या दिवसापासून त्या घरात माझा शब्द खाली पडला नाही. पुढं बी.एड. केलं, धाराशिवला मुलींच्या शाळेत गणिताची बाई झाले, कॉलनीत घर बांधलं, तरी रविवारी सकाळी दारात दोन-तीन चपला असायच्याच. मला कुणी विचारतं, बाई तुम्ही गणित शिकवता, तुमचा यावर विश्वास आहे? मी सांगते, उसण चार दिवसांत आपोआप जाते आणि माणसं माझ्याकडं तिसऱ्या दिवशी येतात, करा हिशेब. हे खरंच आहे. पण आणखी एक गोष्ट खरी आहे, ती मी कुणाला सांगत नाही. पाठ पायाखाली आली की गाठ कुठं आहे ते तळव्याला कळायचं. हाताला नाही कळायचं, पायाला कळायचं. आणि दाब बरोबर पडला की ती गाठ सैल व्हायची, तेही कळायचं. एवढं ज्ञान मला कुठल्या पुस्तकानं दिलं नव्हतं. तेच गेलं होतं.

आंघोळीला बसले की डाव्या पायावर पाणी ऊन लागायचं आणि उजव्यावर नुसतं पाणी पडल्याचा आवाज. कंबर तर दिवाळीपासून दुखतच होती, फराळाचा डबा माळ्यावरून काढताना कळ आली ती मांडीतून पोटरीपर्यंत उतरली होती, पण दुखण्याचं मला काही वाटत नाही, दुखणं म्हणजे निदान कुणीतरी बोलतंय. हे गप्प बसणं वाईट. ह्यांना सांगितलं. हे म्हणजे अमरसिंह, सहकार खात्यातून नुकतेच रिटायर झालेले, काळजी करायला त्यांना आता भरपूर वेळ. दुसऱ्याच दिवशी सोलापूर. एमआरआयच्या त्या नळकांड्यात मला घातलं, वीस मिनिटं कानाशी खडखडाट, मी आत पडल्या पडल्या पंचवीसपर्यंतचे घन म्हणून काढले. डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली. कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्याच्या मधली गादी मागं सरकली होती आणि पायाकडं जाणाऱ्या नसेवर बसली होती. "बाई, डोळे मिटा," ते म्हणाले. "सुई लावतो. लागली की हो म्हणा."

इथं मी लबाडी केली. सरळ सांगते, लबाडी केली. डॉक्टर भला माणूस, सुई लावायचा आणि विचारायचा, "आता?" मी म्हणायचे, "हो." पुन्हा, "आता?" "हो." अंगठ्यावर काही लागत नव्हतं, पावलाच्या वरच्या बाजूला काही लागत नव्हतं, पण प्रश्न विचारलाय म्हणजे उत्तर असतंच, हे पंचवीस वर्षं शिकवत आलेली बाई मी. कधी टोचलं कधी बोथट, तेही पापणीच्या फटीतून त्यांचं मनगट बघून सांगितलं. का केलं? लहान मूल परीक्षेत करतं त्याच कारणानं. नापास व्हायचं नव्हतं. पायाळूचा पाय बधिर, हे वाक्यच माझ्या तोंडून निघेना. डॉक्टरांनी अंगठा खाली दाबला आणि म्हणाले, वर उचला. मी दातओठ खाऊन उचलला. "डाव्यापेक्षा जरा कमी आहे," ते म्हणाले. "चालताना ठेच लागते? चप्पल निसटते?" मी म्हटलं, "छे!" त्याच्या आदल्याच दिवशी शाळेच्या जिन्यात माझी चप्पल दोन पायऱ्या मागं राहिली होती आणि सातवीतली पोर ती हातात घेऊन माझ्यामागं पळत आली होती. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं आणि खुर्ची ह्यांच्याकडं वळवली. "सुईचं कळतंय, ताकद फारशी गेलेली नाही. मग आत्ताच ऑपरेशनची घाई नको. बऱ्याच जणांची गादी हळूहळू आपसूक आक्रसते. सहा आठवडे गोळ्या, व्यायाम, वजन उचलायचं नाही. पण एक ऐका. पाऊल उचलेनासं झालं, किंवा लघवीचं भान राहिना, तर सहा आठवडे मोजत बसू नका. त्याच दिवशी या." हे गाडीत बसल्याबरोबर म्हणाले, "सुटलो बाबा! ऑपरेशन नको म्हणाले." तुळजापूरच्या घाटात गाडी थांबवून त्यांनी देवीच्या दिशेनं हात जोडले. मीही जोडले. मला वाटलं, देवीला तरी कळलं असणार.

ह्यांच्या भीतीला कारण होतं. ह्यांचे थोरले भाऊ श्रीमंत भावजी, बेंबळीला असतात, शेती बघतात. तीन वर्षांपूर्वी त्यांची कंबर धरली. माझ्याकडंच आले, दुसरीकडं कुठं जाणार? थोरला दीर माझ्या दारात पालथा पडला, मी पदर सावरून पाय लावला, मग नमस्कार केला. म्हणाले, "पायाला बी मुंग्या येत्यात गं." मी म्हटलं, "उसणच आहे भावजी, खाली उतरलीय. आणखी एक रविवार या." असे चार रविवार. चौथ्या रविवारी ते उठून गेटपर्यंत गेले तेव्हा फरशीवर त्यांच्या पावलाचा आवाज येत होता, टाच टेकायच्या आत सगळं पाऊल फट्‌कन पडायचं. मी तो आवाज ऐकला. ऐकला आणि भाजी चिरत राहिले. पुढं ऑपरेशन झालं, दुखायचं थांबलं, पण पाऊल काही परत उचललं नाही. डॉक्टर म्हणाले फार उशीर केलात. आता बुटात प्लास्टिकची पट्टी घालून चालतात. घरात कुणी मला एका अक्षरानं बोललं नाही. भावजी तर नाहीच. जाऊबाई म्हणाल्या, आमचं नशीब. मी मनाशी म्हणायचे, ते एकट्यानं विहिरीतली मोटार ओढत होते, त्यानं झालं. गणिताच्या बाईला स्वतःपुरतं उत्तर जुळवायला कितीसा वेळ लागतो!

उम्मेहानी रोज शाळा सुटल्यावर माझ्याकडून व्यायाम करून घ्यायची. दहावीला माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची ही पोर, हात वर न करता कधी उत्तर द्यायची नाही, आणि मी तिला सारखी रागवायचे, "चाचरू नको, ठासून सांग." आता ती मला सांगायची, "बाई, श्वास सोडा. बाई, गुडघा सरळ. बाई, तुम्ही मोजताय भराभर आणि करताय निम्मंच." कंबर खरंच हलकी झाली. दुखणं मांडीतून वर सरकलं, मग जवळजवळ गेलंच. मी सगळ्यांना सांगत सुटले, बघा, बिनऑपरेशनची बरी झाले. स्टाफरूममध्ये तर मी भाषणच ठोकलं. आणि तिसऱ्या आठवड्यात वर्गात फळ्याकडून खिडकीकडं जाताना मागनं आवाज आला. फट्. मी वळून बघितलं, कोण आलं म्हणून. मागं कुणी नव्हतं. पुन्हा चालले, पुन्हा फट्. मुली खाली मान घालून गणित सोडवत होत्या. मी खुर्चीत बसले, उरलेला तास बसूनच घेतला. दुसऱ्या दिवसापासून रबरी तळाचे बूट घातले. आवाज बंद झाला. दुखत नाही म्हणजे बरं होतंय, असं मी स्वतःला बजावलं, अगदी ठासून.

येळवस, म्हणजे वेळा अमावास्या, आली. येळवशीला आमच्याकडं घरात कुणी थांबत नाही, सगळं गाव शेतात. कडब्याचं खोपट, म्हणजे कोप, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगडांचे पांडव, पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील, सगळं. ह्यांनी मला हजारदा बजावलं होतं काही उचलू नको, पण आंबिलाचं लहानसं गाडगं घेऊन रानाला वेढा घालायचा मान त्या वर्षी माझा होता आणि मान सोडायची सवय मला नाही. मी पुढं, गाडग्यातनं लिंबाच्या डहाळीनं हरभऱ्यावर आंबील शिंपडत, आणि मागं भावजी, एकटेच. बाकीचे जेवायला बसले होते. ढेकळं मऊ, ऊन कोवळं, हरभरा घाट्यांनी भरलेला. मी बांधाला दोनदा अडखळले. तिसऱ्यांदा गाडगं सावरलं आणि मोठ्यानं म्हटलं, "किती ढेकळं ठेवलीत भावजी रानात!" मग ते म्हणाले, "शिवकांता, थांब." लग्नाला तीस वर्षं झाली, भावजींनी मला नावानं हाक मारलेली मला आठवत नाही. मी थांबले. "ढेकळं न्हाईत. तुझं पाऊल उचलत न्हाय. मघापासनं बघतोय म्या. गुडघा उंच घेतीस अन् बोटं खालीच ऱ्हात्यात. माझं बी असंच व्हतं." मी म्हटलं, "बरं होतंय माझं. दुखत नाही आता." ते म्हणाले, "माझं बी दुखायचं थांबलं व्हतं."

हरभऱ्यात उभे आम्ही दोघं. हातातलं गाडगं मला एकदम जड झालं आणि मी ते खाली ठेवलं. बोलायचं काहीच ठरवलं नव्हतं, पण तोंडातनं आलं, "भावजी, तुमच्या पावलाचा आवाज मी ऐकला होता. चौथ्या रविवारी. मला कळायला पाहिजे होतं. मी उसण उसण म्हणत राहिले. तुमचा पाय माझ्यामुळं गेला." एवढं बोलून मी रडले. मी रडत नाही कधी, पण रडले, नाक-डोळे पदरानं पुसत, शेतात उभी राहून. भावजींनी कोपीकडं बघितलं. "तीन वरीस लागली व्हय तुला हे म्हणायला," ते म्हणाले. रागानंच म्हणाले. मला तो राग ऐकून बरं वाटलं. इतकी वर्षं नशीब नशीब ऐकून कान किटले होते. "लई राग आला व्हता मला," ते म्हणाले. "अजून बी येतो. पर म्हून तुझा बी पाय जावा असं वाटत न्हाय. किती दिस झालं?" मी म्हटलं, "आठ." "मंग हितं काय करायलीस? जेवून लगेच निघा." मी धड जेवले नाही, चार घास गिळून उठले, आणि ह्यांना गाडी काढायला लावली. रस्ताभर ह्यांना काही सांगितलं नाही. आधी उम्मेहानीकडं.

तिचा दवाखाना सुट्टीमुळं रिकामा होता. मी टेबलावर आडवी झाले आणि म्हटलं, "पुन्हा तपास. नीट तपास." मनाशी पक्कं केलं होतं, आता खरं सांगायचं. डोळे मिटले. ती हळू आवाजात म्हणाली, "आता?" मी म्हटलं, "नाही." "आता?" "नाही." "आता?" आणि मला खरोखर वाटलं, देवाशपथ वाटलं, अंगठ्याच्या टोकाला बारीकसं काहीतरी टेकलं. मला इतका आनंद झाला की मी ओरडलेच, "हो! लागलं! अंगठ्याला!" मी डोळे उघडले. ती टेबलापासून दोन हात लांब, खिडकीशी उभी होती, दोन्ही हात पाठीमागं. "बाई," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं, "मी हातच लावला नाही." वर पंखा फिरत होता. माझ्या आयुष्यात मला इतकं उघडं कुणी पाडलं नव्हतं, आणि तेही मी शिकवलेल्या पोरीनं. म्हणजे आता ही लबाडीसुद्धा नव्हती. लबाडी करणाऱ्याला निदान खरं ठाऊक असतं. मला ठाऊकच नव्हतं, मी नुसती ठाम होते. तिनं माझं पाऊल हातात घेतलं, वर उचलायला सांगितलं, मी सगळी ताकद लावली आणि पाऊल तिच्या तळहातावर तसंच पडून राहिलं. मग मी तिला सगळं सांगितलं, सोलापूरची सुई, चप्पल, वर्गातला आवाज, रबरी बूट. "बाई, तुम्ही असं कसं केलं?" एवढंच म्हणाली आणि तिथूनच सोलापूरला फोन लावला.

त्याच संध्याकाळी सोलापुरात डॉक्टरांनी मला बघितलं, पाऊल बघितलं, आणि पहिला कागद काढून पुढं ठेवला. मी त्यांना काही विचारू दिलं नाही. "डॉक्टर, तो कागद फाडा. मागच्या वेळी मी खोटं सांगितलं होतं. सुई लागत नव्हती." ते बहुतेक ओरडणार होते, पण शिक्षकावर ओरडायचं माणसांना जमत नाही. म्हणाले, "हे तेव्हा सांगितलं असतं तर मी तुम्हाला दर आठवड्याला बोलावलं असतं. आता थांबण्यात अर्थ नाही. उद्याच गादीचा तो तुकडा काढू. दुखणं पुन्हा उसळू नये, नस मोकळी व्हावी, एवढं माझ्या हातात. पाऊल किती परत येईल, येईल की नाही, हे मी आज सांगू शकत नाही." ह्यांचा चेहरा एवढासा झाला. "मग करायचं कशाला?" ते म्हणाले. "खात्रीच नाही तर?" मी म्हटलं, "अहो, खात्री बाळगून बाळगूनच तर इथवर आले. करा डॉक्टर." आणि कागदावर सही केली, ह्यांचं नाव लावून, शिवकांता अमरसिंह, मराठीत. भीती वाटली का? वाटली. पण ती वाटते हे स्वतःशी कबूल करणं मला पहिल्यांदाच जमत होतं; तिला थोपटत मी पहाटेपर्यंत छान झोपले.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला टेकून बसवलं. खोलीत हे, उम्मेहानी, भाकरी बांधून घेऊन आलेल्या जाऊबाई, आणि दाराशी भावजी, बुटातल्या पट्टीमुळं एका पायावर जरा कलून उभे. डॉक्टर फेरीला आले. "बाई, अंगठा वर घ्या." मी घेतला. म्हणजे मी आतनं हुकूम दिला, जितका देता येतो तितका. मला वाटलं हलला. पण मला काय वाटतं याचा आता मीच भरवसा धरत नव्हते. "हलला! हलला की!" हे टाळ्या पिटून म्हणाले. जाऊबाईंनी लगेच हात जोडले, "हलला बाई, म्या बघितला." उम्मेहानीनं ओठ दाबून खिडकीबाहेर बघितलं. मी म्हटलं, "भावजी, तुम्ही सांगा." सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. ते पाऊल ओढत पलंगाशी आले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि माझ्या अंगठ्यापाशी तोंड नेऊन बघत राहिले. "परत कर," म्हणाले. मी केलं. "परत." मी केलं. मग ते सरळ झाले आणि माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले, "न्हाय. अजून न्हाय हलला." ह्यांनी "दादा!" म्हणून त्यांचा हात धरला. पण मला इतकं मोकळं वाटलं, काय सांगू. एवढ्या माणसांत एक तरी असा होता की ज्याच्या डोळ्यांवर मी विसंबू शकत होते.

"बरं," मी म्हटलं. "उद्या सकाळी या भावजी. परत बघू."